अन्ननलिकेचा कर्करोग: बायोप्सीच्या कागदावरचा तो एक शब्द

निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, पंचवीस-तीस वर्षं तंबाखू-चुना, अधूनमधून दारू. चार महिन्यांपासून घास अडकत होता. आता भाकरी सुटून पातळ खिचडीवर आले आहेत. वजन नऊ किलो उतरलं. दुर्बिणीत दातांपासून ३० सेंटिमीटरवर गाठ दिसली, बायोप्सीत कॅन्सर निघाला. पेट-सीटीत गाठीलगतच्या एक-दोन लसिकाग्रंथी सोडल्या तर बाकी शरीर स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणतात, आधी पाच आठवडे केमो आणि रेडिएशन, मग ऑपरेशन. मामा म्हणतात, गाठ समोर दिसतेय तर लगेच काढून का टाकत नाहीत? मुलाने स्वतः वाचलंय की परदेशात आता या आजारात रेडिएशन सोडून दिलंय आणि नुसत्या केमोने जास्त चांगला गुण येतो. शेजारच्या एकाने इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं, इंजेक्शन सुचवलं. आणि शेवटी नेहमीचा प्रश्न: नाशिकला करायचं की मुंबईला न्यायचं?

मी पोटाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरची ऑपरेशनं करतो, नाशिकमध्ये वीसेक वर्षं झाली. तुमच्या वडिलांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुरता अंतिम निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही जे वाचलंत ते खरं असूनही तुमच्या वडिलांना लागू का पडत नाही, हे समजावून सांगता येईल.

बायोप्सीचा कागद काढा आणि 'कार्सिनोमा'च्या आधी कोणता शब्द आहे ते बघा. स्क्वॅमस की ॲडेनो? आपल्याकडे फाइलमध्ये शंभर कागद असतात, स्कॅनच्या सीड्या असतात, पण नातेवाइकांना हा एक शब्द विचारला तर दहातले नऊ जण सांगू शकत नाहीत. 'कॅन्सर निघाला' एवढंच लक्षात राहतं. अन्ननलिकेत मात्र हे दोन जवळजवळ वेगळे आजार आहेत. आतलं मूळचं अस्तर तोंडाच्या आतल्या त्वचेसारखं असतं; त्याच्यातून निघतो तो स्क्वॅमस. ॲडेनो बहुधा खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी होतो. वर्षानुवर्षं आम्ल वर येऊन तिथलं अस्तर बदलतं आणि त्या बदललेल्या अस्तरातून तो उगवतो. अमेरिका-युरोपात लठ्ठपणा आणि आम्लपित्तामुळे ॲडेनो वाढला. आपल्याकडे अजूनही बहुतांश रुग्ण स्क्वॅमसचे. तंबाखू, विडी, सुपारी आणि दारू ही त्याची कारणं. तंबाखू आणि दारू एकत्र आली की धोका नुसता बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढतो. पेठ-सुरगाण्याकडून, सिन्नरकडून ज्या आजीबाई येतात त्यांनी उभ्या जन्मात विडी ओढलेली नसते. 'मला कसलंच व्यसन नाही' असं त्या शपथेवर सांगतात आणि कमरेच्या पिशवीत मिशरीची डबी असते. मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, पण ती दात घासायची वस्तू मानली जाते, व्यसन नव्हे. त्यामुळे मी आता 'व्यसन आहे का' असं विचारतच नाही, 'दात कशाने घासता' असं विचारतो.

तुमचे वडील तंबाखू खाणारे, गाठ ३० सेंटिमीटरवर. त्यांचा स्क्वॅमस असण्याचीच शक्यता दाट आहे. तसं असेल तर पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

तुम्ही वाचलेली बातमी बहुधा जर्मनीतल्या 'इसोपेक' चाचणीची. ४३८ रुग्णांपैकी निम्म्यांना ऑपरेशनच्या आधी आणि नंतर चार औषधांची केमो दिली, तिला फ्लॉट म्हणतात. उरलेल्यांना ऑपरेशनआधी केमो-रेडिएशन. २०२४ साली निकाल आला: फ्लॉटच्या गटातले निम्मे रुग्ण ६६ महिन्यांहून जास्त जगले, रेडिएशनच्या गटात हाच आकडा ३७ महिने. फरक मोठा आहे, चाचणी उत्तम आहे. फक्त त्यातला प्रत्येक रुग्ण ॲडेनोचा होता. एकही स्क्वॅमस नाही. तिच्यावरून तुमच्या वडिलांचं रेडिएशन रद्द करणं म्हणजे सोयाबीनच्या शिफारशी वाचून द्राक्षबागेला खत घालणं.

स्क्वॅमसचं काय, ते तीन चाचण्यांतून दिसतं. पहिली नेदरलँड्सची 'क्रॉस', २०१२ सालची. ३६६ रुग्ण, निम्म्यांना थेट ऑपरेशन, निम्म्यांना आधी आठवड्यातून एकदा असे पाच वेळा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधांचे बेताचे डोस, सोबत २३ दिवसांत विभागून ४१.४ ग्रे (ग्रे हे डोसचं माप) रेडिएशन, आणि मग ऑपरेशन. थेट ऑपरेशनच्या गटातले निम्मे रुग्ण २४ महिन्यांच्या आत गेले. दुसऱ्या गटात तिथपर्यंत ४९ महिने लागले. स्क्वॅमसचे रुग्ण या चाचणीत चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते, पण फायदा त्यांच्यातच सगळ्यात ठळक होता: २१ महिन्यांवरून ८१. आणखी एक आकडा मला त्याहून बोलका वाटतो. केमो-रेडिएशननंतर काढलेली अन्ननलिका सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तेव्हा स्क्वॅमसच्या ४९ टक्के रुग्णांत एकही जिवंत कॅन्सरपेशी सापडली नाही. ॲडेनोमध्ये हे प्रमाण २३ टक्के. म्हणजे स्क्वॅमस रेडिएशनला चांगला वितळतो. २०१८ साली चीनमधून फक्त स्क्वॅमसच्या ४५१ रुग्णांची चाचणी आली. तिथेही केमो-रेडिएशन आधी दिलेल्यांचा आकडा १०० महिने, थेट ऑपरेशनवाल्यांचा ६६.

तिसरी चाचणी जपानची, आणि ती तुमच्या बाजूने थोडं बोलते. ६०१ रुग्ण, सगळे स्क्वॅमसचे. ऑपरेशनआधी तीन औषधांची जोरदार केमो दिलेले ७२ टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते. दोन औषधांच्या केमोत ६३ टक्के. दोन औषधं आणि रेडिएशन मिळून ६८. म्हणून जपानमध्ये आता रेडिएशनशिवायच्या तीन औषधांना पहिली पसंती आहे. पण तिथले सर्जन मानेपासून पोटापर्यंतच्या लसिकाग्रंथी ज्या बारकाईने काढतात त्याला तोड नाही, आणि डोसेटॅक्सेल-सिस्प्लॅटिन-फाइव्ह एफयू हे त्रिकूट नऊ किलो वजन गमावलेल्या माणसाला सोसेलच असं नाही. मी ते धडधाकट, चाळिशी-पन्नाशीच्या रुग्णासाठी विचारात घेतो. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला क्रम मला योग्य वाटतो.

आता मामांचा प्रश्न. तो चुकीचा नाही. मी शिकत होतो तेव्हा आम्हीही तसंच करायचो. अडचण अन्ननलिकेच्या रचनेत आहे. आतड्याला बाहेरून एक गुळगुळीत आवरण असतं, अन्ननलिकेला ते नाही. गाठ भिंत ओलांडून बाहेर पडली की लगेच शेजारी काय लागतं, तर श्वासनलिका, महारोहिणी, हृदयाचं आवरण. तिथे चार बोटं जास्तीची कड घेऊन कापायला जागाच नसते. 'क्रॉस'मध्ये थेट ऑपरेशन केलेल्यांपैकी ६९ टक्के रुग्णांत गाठ कडांसह पूर्ण निघाली, आधी केमो-रेडिएशन घेतलेल्यांत ९२ टक्के. मामांना हे दोन आकडे सांगा. आणि हेही सांगा की बायोप्सी केल्याने कॅन्सर पसरत नाही. तो प्रश्न त्यांनी अजून विचारला नसेल तर विचारतील.

या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती नऊ किलोंची. पुढच्या पाच आठवड्यांत तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वडिलांचं वजन. उपाशी शरीराला केमो सोसत नाही, रेडिएशनमध्ये खंड पडतो, ऑपरेशननंतर टाके भरत नाहीत. तरी आपल्याकडे पेशंटला 'हलकं' म्हणून भाताची पेज आणि नारळपाणी देत राहतात. त्यात पोट भरतं, ताकद येत नाही. नागलीची आंबील करा, पण तिच्यात दूध, साजूक तूप, शेंगदाण्याचं बारीक कूट घाला आणि गाळून द्या. अंडं चालत असेल तर अर्धवट उकडून, फेटून. मुगाचं घट्ट वरण मिक्सरमधून काढून. दिवसातून सात-आठ वेळा, वाटीवाटीने. मेडिकलमधली प्रोटीन पावडर परवडत असेल तर घ्या, नसेल तर तिच्यावाचून अडत नाही. दर सोमवारी एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा.

पातळही उतरेनासं झालं तर नाकातून बारीक नळी, किंवा पोटाला छोटं छिद्र पाडून आतड्यात नळी. नळी म्हटलं की घरचे हादरतात, 'आता शेवट आला' असं वाटतं. नळी उपचार पार पाडण्यासाठी असते. ऑपरेशननंतर नीट गिळता येऊ लागलं की काढतात. इथे माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका रुग्णाला पाणीही उतरत नव्हतं, म्हणून मी त्याच्या गाठीतून धातूच्या जाळीचा स्टेंट टाकला. दुसऱ्या दिवशी तो वरणभात खाऊ लागला. घरचे माझ्या पाया पडत होते. मग रेडिएशन सुरू झालं, गाठ आकसली आणि जागा सैल झाल्यावर स्टेंट घसरून जठरात गेला. तो काढायला पुन्हा दुर्बीण, आठवडाभर उपचार बंद, त्यात न्यूमोनिया. आज ज्याला बरं करण्याच्या हेतूने उपचार देतो आहे, त्याला मी आधी स्टेंट टाकत नाही. आजार पसरलेला असेल आणि माणसाला चार घास सुखाने खाता यावेत एवढंच साधायचं असेल, तिथे स्टेंट फार मोलाचा आहे. त्यामुळे कुणी 'स्टेंट टाकून मोकळे होऊ' म्हणालं तर कोणत्या हेतूने, हे आधी विचारा.

रेडिएशनला आपल्याकडे कुणी 'शेक' म्हणतं, कुणी 'लाइट'. रोज काही मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस. यंत्रं सुधारली आहेत. आता किरणांची तीव्रता गाठीच्या आकाराप्रमाणे कमीजास्त करून हृदय आणि फुप्फुसांना जाणारा डोस बराच खाली आणता येतो. 'मग जास्त डोस द्या की' असं पुष्कळ जण म्हणतात. ऑपरेशन न करता फक्त केमो-रेडिएशनने बरं करायचं असेल तिथे, ५०.४ ग्रे आणि ६१.६ ग्रे यांची तुलना डच डॉक्टरांनी २६० रुग्णांत करून पाहिली. जास्त डोसचा काही उपयोग झाला नाही. तुमच्या वडिलांना त्याहूनही कमी लागेल, कारण पुढे ऑपरेशन आहे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक गोष्ट हमखास घडते, ती आधीच सांगून ठेवतो. घास थोडा मोकळा होऊ लागलेला असतो आणि अचानक गिळताना आग सुरू होते. किरणांनी अन्ननलिकेच्या अस्तराला आतून सोलवटलेलं असतं. घरच्यांना वाटतं आजार वाढला, आणि काही जण तिथेच उपचार सोडून जडीबुटीवाल्याकडे जातात. गिळण्याआधी घ्यायचं बधिर करणारं पातळ औषध मिळतं, ते मागा. काही जण उलट कारणाने सोडतात: भाकरी उतरायला लागली, म्हणजे बरे झालो! असे एक गृहस्थ तीन आठवड्यांनी घरी गेले आणि सात महिन्यांनी परत आले. तेव्हा आवाज बसला होता, पाणी पिताना ठसका लागत होता. गाठीने श्वासनलिकेत भोक पाडलं होतं. पुढे काही करण्यासारखं फार उरलं नव्हतं.

केमो-रेडिएशन संपल्यावर साधारण सहा ते आठ आठवडे थांबतात. सूज उतरते, औषधाचं काम पुढे चालू राहतं आणि माणूस सावरतो. या काळात तंबाखू पूर्ण बंद, एक पुडीसुद्धा नाही. रोज बागेच्या बांधावरून अर्धा-पाऊण तास भरभर चालणं आणि तीन छोट्या चेंडूंच्या त्या यंत्राने (स्पायरोमीटर) श्वास ओढण्याचा व्यायाम. ऑपरेशननंतर बहुतेक घात फुप्फुसांकडून होतो, म्हणून हे. मग पुन्हा स्कॅन, आणि ऑपरेशन.

ऑपरेशनमध्ये जवळजवळ सगळी अन्ननलिका आणि भोवतालच्या ग्रंथी काढतात. जठराची लांब नळी करून ती छातीतून वर आणतात आणि मानेत उरलेल्या टोकाला जोडतात. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रांझ टोरेक यांनी छातीतली कॅन्सरग्रस्त अन्ननलिका पहिल्यांदा यशस्वीपणे काढली तेव्हा जठर वर आणण्याची ही सोय नव्हती; त्या बाई मानेतल्या छिद्रापासून पोटातल्या छिद्रापर्यंत बाहेरून रबरी नळी लावून जेवायच्या, आणि तशा बारा-तेरा वर्षं जगल्या. आज निम्मं किंवा सगळं काम छोट्या छिद्रांतून, कॅमेऱ्याने होतं. २०१२ सालच्या एका युरोपीय चाचणीत छाती उघडून केलेल्या ऑपरेशनांनंतर पहिल्या दोन आठवड्यांत २९ टक्के रुग्णांना फुप्फुसाचा संसर्ग झाला, दुर्बिणीने केलेल्यांत ९ टक्के. रोबोटनेही करतात. रोबोटचा खर्च परवडत नसेल तर मन खट्टू करू नका. चांगल्या हाताने साध्या दुर्बिणीने केलेलं ऑपरेशन पुरेसं आहे. जोड गळण्याचा धोका मात्र कोणत्याही पद्धतीत असतो, माझ्याही हातून झालेल्या जोडण्या गळल्या आहेत. बऱ्याच भरून येतात, काही जिवावर बेततात. ऑपरेशनआधी कुणी 'शंभर टक्के' म्हणालं तर सावध व्हा.

केमो-रेडिएशननंतर गाठ दिसेनाशी झाली तर ऑपरेशन टाळता येईल का? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सहा आठवड्यांनी नक्की विचाराल. 'सानो' नावाच्या डच चाचणीत नेमकं हेच पाहिलं. गाठ पूर्ण विरघळलेल्या ३०९ रुग्णांपैकी काहींचं ऑपरेशन केलं, काहींना फक्त नजरेखाली ठेवलं. दोन वर्षांनी जिवंत राहिलेले ७१ आणि ७४ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. माझ्या मते ही गेल्या काही वर्षांतली सगळ्यात महत्त्वाची बातमी आहे, आणि सगळ्यात सहज चुकीची समजली जाणारीसुद्धा. कारण नजरेखाली ठेवणं म्हणजे पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी दुर्बीण, बायोप्सीसाठी खोलवरचे तुकडे, स्कॅन. आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे गाठ परत आल्यामुळे ऑपरेशन करावंच लागलं. जो रुग्ण न चुकता येईल त्याच्याशी मी हा पर्याय बोलतो. सोंगणी, लग्नसराई, पाऊस या कारणांनी ज्याची तारीख हमखास चुकते त्याच्यासाठी तो धोक्याचा आहे. गाठ अगदी वर मानेत असेल तर गोष्टच वेगळी; तिथे ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रही जाऊ शकतं, म्हणून केमो-रेडिएशन हाच मुख्य उपचार धरतात.

शेजाऱ्यांनी सुचवलेल्या इम्युनोथेरपीची जागा या क्रमात बरीच पुढे आहे. आधी केमो-रेडिएशन, मग ऑपरेशन, आणि काढलेल्या भागात जिवंत कॅन्सर उरलेला सापडला तर वर्षभर निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध. ७९४ रुग्णांच्या चाचणीत यामुळे आजार परत येईपर्यंतचा काळ ११ महिन्यांवरून २२ वर गेला, स्क्वॅमसमध्ये तर जवळपास ३० वर. एकूण आयुष्य किती वाढलं याचा नंतर आलेला निकाल मात्र तितका निर्विवाद नाही. आणि काढलेल्या भागात काहीच उरलं नसेल तर हे इंजेक्शन लागतच नाही. आजार यकृतात, फुप्फुसात पसरलेला असेल तर केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निवोलुमॅब देतात. आधी बायोप्सीवर पीडी-एल१ ही तपासणी करून कितपत उपयोग होईल याचा अंदाज घ्यायचा. ७४९ रुग्णांच्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबने आयुष्याचं मध्यमान ९.८ महिन्यांवरून १२.४ झालं. काही थोडे लोक त्यावर कितीतरी वर्षं टिकतात, बाकीच्यांना फरक पडत नाही, आणि खर्च लाखांत. शेत गहाण ठेवण्याआधी हे आकडे समोर ठेवून डॉक्टरांशी बोला. टाटा मेमोरियलने मुखाच्या आणि घशाच्या, बरा न होणाऱ्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस वापरून पाहिला, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. तो आजार वेगळा आहे. पण आपल्यासारख्या देशासाठी वाट कुठून निघू शकते ते त्यातून दिसतं.

निदानातली खरी प्रगती मात्र तुमच्या वडिलांच्या नव्हे, तुमच्या आणि मामांच्या, म्हणजे अजून त्रास नसलेल्यांच्या, कामाची आहे. १८६८ साली जर्मनीत आडोल्फ कुसमाउल यांनी सरळ नळी अन्ननलिकेत घालून पाहिली ती एका तलवार गिळणाऱ्या जादूगारावर. दुसऱ्या कुणाला ते सोसणारच नव्हतं. आजची दुर्बीण करंगळीएवढी असते आणि पाच-दहा मिनिटांत काम संपतं. तिच्यात आता निळ्या-हिरव्या अरुंद पट्ट्याचा प्रकाश असतो, रक्ताचा रंग तो शोषून घेतो, त्यामुळे अस्तरातल्या बारीक केशवाहिन्या काळपट उठून दिसतात. कॅन्सरच्या सुरुवातीला त्या वेड्यावाकड्या होतात. दुसरी युक्ती जुनी आणि स्वस्त: आयोडीनचा फवारा. निरोगी अस्तरात साखरेचा साठा असतो, ते तपकिरी होतं; बिघडलेला तुकडा पांढुरका राहतो. छातीत थोडी आग होते एवढंच. असा तुकडा अगदी वरच्या थरात असतानाच सापडला तर दुर्बिणीतूनच अखंड सोलून काढता येतो. छाती उघडायला नको, केमो नको, शेक नको. जपानमध्ये हे रोजचं काम आहे. आपल्याकडे असे रुग्ण विरळा, कारण घास अडकेपर्यंत कुणी येत नाही, आणि अन्ननलिका इतकी लवचिक की घेराचा निम्म्याहून जास्त भाग गाठीने धरल्याशिवाय घास सहसा अडकत नाही. त्यानंतरही दोन-तीन महिने ॲसिडिटीच्या गोळ्यांत जातात. म्हणून ज्याला तंबाखू-दारू दोन्ही आहे, किंवा ज्याचा तोंडाचा-घशाचा कॅन्सर झालेला आहे, त्याने त्रास नसतानाही एकदा अशी दुर्बीण करून घ्यावी. आणि कोणालाही दोन आठवडे घास अडकत असेल तर गोळ्या नकोत, दुर्बीण.

राहिला नाशिक-मुंबईचा प्रश्न. रेडिएशन आणि केमो नाशिकमध्ये करा. पाच आठवडे रोज जायचं आहे. निफाडहून चाळीसेक किलोमीटर येऊन-जाऊन माणूस रात्री घरच्या खाटेवर झोपतो, घरचं खातो. परळला फुटपाथवर किंवा धर्मशाळेत नंबर लावून पाच आठवडे काढले तर वजन आणखी चार किलो उतरेल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो, रेडिएशन आणि ऑपरेशन बसतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी रेशनकार्ड आणि आधार दाखवा, बिल झाल्यावर नको. ऑपरेशनबाबत मात्र चोखंदळ राहा. हे ऑपरेशन वर्षात एक-दोनदा करणाऱ्या आणि नेहमी करणाऱ्या रुग्णालयांतल्या मृत्यूच्या प्रमाणात दुपटीहून जास्त तफावत असल्याचं अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात २००२ सालीच दिसलं होतं. सर्जनला सरळ विचारा: वर्षाला अशी किती करता, किती जोड गळले, रात्री दोन वाजता आयसीयूत कोण असतं? चांगला सर्जन या प्रश्नांनी दुखावला जात नाही. नाशिकमध्ये अशी उत्तरं देणारे लोक आहेत. समाधान झालं नाही तर थांबण्याच्या त्या सहा आठवड्यांत एक दिवस पंचवटीने दादरला उतरून टाटात मत घेऊन या. त्यांच्या तज्ज्ञांचं मत ऑनलाइन मागवण्याची 'नव्या' नावाची सोयही आहे. पण दुसऱ्या मताच्या नादात पहिला महिना घालवू नका.

जाण्याआधी आणखी एक तपासून घ्या. दातांपासून साधारण २५ सेंटिमीटरवर श्वासनलिका दुभंगते. गाठीचं वरचं टोक तिथपर्यंत पोचलं असेल तर ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी, झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही एका ओळीत लिहिलंय की बाबांना 'अल्सर' सांगितलाय, खरं कधी सांगावं? आत्ताच सांगा, केमोच्या पहिल्या बाटलीआधी. ज्या वॉर्डात ते बसतील तिथल्या भिंतीवर कॅन्सर हा शब्द मोठ्या अक्षरांत असणार आहे. दिंडोरीच्या एका बागायतदाराला त्याच्या मुलांनी असंच महिनाभर लपवलं होतं. शेवटी मी सगळ्यांना बाहेर बसवून त्याला सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टर, मला दुर्बीण केली त्या दिवशीच कळलं. पोरं रडतील म्हणून मी गप्प होतो. आता एवढंच सांगा, ऑक्टोबरच्या छाटणीला उभा राहता येईल का?" आम्ही कॅलेंडर काढून बसलो. शेक सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपणार होता, ऑपरेशन ऑक्टोबरच्या अखेरीस धरलं. छाटणी मधल्या थांबण्याच्या काळात येत होती. मी म्हटलं, बांधावर खुर्ची टाकून बसा, मजुरांवर लक्ष ठेवा, कात्री धरू नका आणि फवारणीच्या दिवशी घरातून बाहेर पडू नका. तुमच्या वडिलांच्याही तारखा अशाच मांडून घ्या, त्यांना शेजारी बसवून.